दहापैकी किती

सकाळच्या पहिल्या कदंबा बसने निघालो साखळीहून,
उभाच. सीट रिकामी होती, पण बसलं की उठताना
लोकांसमोर दोन्ही हातांनी दांडा धरावा लागतो.
बांबोळीला उतरलो तर रांग माझ्याआधी पोचलेली.
कोणाचा गुडघा, कोणाचं मनगट,
माडावरून पडलेला शिवोलीचा एक रेंदेर,
पाय प्लास्टरात, आणि हसत होता.

घरात सल्ल्यांची कमी नव्हती.
सुषमाने निर्गुंडीचा पाला गरम करून बांधला, सहा महिने.
वाळपईचा एक माणूस पाठीवर पाय देऊन उभा राहिला,
म्हणाला, शीर चढलीय.
ती त्याने उतरवली, तीनशे रुपये घेतले,
घरी येईपर्यंत ती परत चढली.
मग देवाला कौल लावला.
उजवी पाकळी पडायला तासभर गेला.
भटजी म्हणाले, "जा म्हणतो. डॉक्टरकडे जा म्हणतो."
देवालाही विचार करावा लागला असेल.

"घनःशाम पुतू माजिक!"
उठलो. तीन हप्त्यांत.

डॉक्टर मिनेझिस माझ्या मुलीच्या वयाची.
कुठे दुखतं, विचारलं तिने.
मी म्हटलं, पेंकट.
पेपरात त्याला कंबर म्हणतात,
तिच्या कागदावर त्याचं आणखी काहीतरी झालं,
पण दुखतं तेव्हा ते पेंकटच असतं.

मग म्हणाली, "एक ते दहा.
दहा म्हणजे अजिबात सोसवत नाही असं.
तुमचं किती?"

दहा मला फक्त खेपांचे माहीत.
पिसुर्ल्याच्या खाणीवरून जेटीपर्यंत
एक खेप, दुसरी, पाचवी,
तांबड्या धुळीत पुढच्या टिपरचा नुसता ब्रेकचा दिवा.
खड्ड्यात चाक गेलं की दहा टन माल
आधी सीटला कळायचा, मग माकडहाडाला.
दहावी खेप पडली त्या रात्री
घरी विसवण यायची, तुकडे मोजायचे नाहीत कोणी.
दहा म्हणजे वाईट, हे कसं सांगू?

"सात," म्हटलं. भीड पडली म्हणून.

तिने एक्स-रे उजेडावर धरला
आणि मी ओळखली ती उतरण:
वरून खाली पायऱ्या-पायऱ्यांनी कापत नेलेली खाण,
चौथ्या आणि पाचव्या पायरीमधला
रस्ता खचलेला.
"गाडी चालवून झालंय हे," ती म्हणाली.
"केव्हापासून दुखतं?"

बावीस वर्षं चालवली, तेव्हा नाही.
खाण बंद झाली, टिपर परसात उभा केला,
एकेका टायरातली हवा आपोआप गेली,
त्या मे महिन्यापासून.

तिचं पेन थांबलं. थोडंच. बाहेर अजून पंधरा जण होते.
मग लिहिलं: पट्टा. गोळ्या, जेवल्यावर.
ओझं उचलू नका.
उचलायला आहे काय, हे मी विचारलं नाही.
आणि व्यायाम: उताणं झोपायचं, गुडघे वाकवून,
कंबर वर, दहा अंक मोजायचे, खाली.
टणक जागेवर.

घरात तेवढी जमीन कुठली.
खोलीत सून आणि तिचं बाळ,
पडवीत सुपाऱ्या वाळत घातलेल्या.
म्हणून संध्याकाळी शिडी लावून
टिपरच्या हौद्यात चढतो.
गंजलेला पत्रा दिवसभराच्या उन्हाने
शेकाइतकाच कोमट असतो.
उताणा पडतो.
चारी फाळक्यांमध्ये मावतं तेवढंच आकाश.
बावीस वर्षं मी पुढे बघत होतो,
मागे माती हे बघत जात होती.

एक. दोन. तीन.
काल शेजारच्या गुणोचा पोर फाळक्यावरून आत डोकावला.
"काका, गाडी भरली?"
चार, म्हटलं. थांब.
पाच.